पुसतंय का?

नवीन कॉम्प्युटर आला की आमच्या ऑफिसातले, कॉम्प्युटर सांभाळणारे काका त्याच्यावर चार अक्षरं लिहायचे आणि लगेच बॅकस्पेस दाबायचे. अक्षरं नीट गेली की मान हलवायची. जायच्या ऐवजी ^H ^H अशी घाण उमटली की खुर्ची पुढे ओढायची. मग डबा तसाच राहायचा.

मला म्हणायचे, "लिवता कुणालापण येतं गो. आदी पुसता आलं पायजे."

रत्नागिरीतला आमचा आंबा कॅनिंगचा कारखाना. सगळा स्टॉक एका सर्व्हरवर, आणि त्याला जोडलेली यंत्रं म्हणजे नुसती खिचडी: जुनं युनिक्स, लिनक्स, विंडोज, वर मालकांच्या मुलाचा मॅक. प्रत्येकाची बॅकस्पेस सर्व्हरला वेगळंच काहीतरी सांगते. कुठली कळ काय पाठवते, स्क्रीन साफ कसा करायचा, हे सर्व्हरला समजावणारी फाइल म्हणजे टर्मिनलची डेफिनेशन. काकांनी ती प्रत्येक यंत्रासाठी बसून लिहिली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काम चोख असलं की त्यांच्याकडे कुणी बघतच नाही.

मालकांच्या मुलाने एकदा नेटवरून कुठलीतरी डेफिनेशन उचलून आणली. त्याच्या स्क्रीनवर ओळी जिन्यासारख्या उतरायला लागल्या. काका पोट धरून हसले, आणि मग त्याच्याच शेजारी बसून त्यांनी ती नीट केली.

मंडणगडचा माणूस. गावाकडचा फोन आला की "जय भीम" एवढं मोठ्याने म्हणायचे की कॅनिंगच्या बाया खिडकीतून बघायच्या. एरवी आवाज नाही. खुर्चीमागे येऊन उभे राहायचे आणि हळूच विचारायचे, "पुसतंय का?" मी दचकायची, चिडायचीही.

मे अखेर घर शाकारायला गावी गेले. तिथेच छातीत दुखलं आणि संपलं. मला फार लागलं ते.

महिन्याभराने नियमाप्रमाणे त्यांचं खातं सर्व्हरवरून काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या स्क्रीनवर ^H ^H. कुणालाच काही पुसता येईना. सगळ्या डेफिनेशन काकांच्या स्वतःच्या खात्यात होत्या, हे आम्हाला तेव्हा कळलं. बॅकअपवरून खातं परत आणलं. म्हणजे आजवर प्रत्येक यंत्र आधी त्यांच्याकडे जाऊन विचारून येत होतं, आणि आताही येणार होतं. खोटं कशाला बोलू, भीती वाटायची. मी सारखी मागे वळून बघायची.

आता साहेबांनी सांगितलं, फाइली सामाईक जागी हलवा आणि ते खातं कायमचं काढा. मी एकेक यंत्र धरून केलं. लिनक्सवर लिहून पुसलं, विंडोजवर पुसलं, मॅकवरही. सगळं बरोबर. काकांवाचून आता कुणाचंच अडत नव्हतं.

मग खातं काढायला घेतलं. नक्की काढायचं का, स्क्रीनने विचारलं. मी y दाबलं. फक्त एंटर राहिलं होतं.

खुर्चीमागे कुणी नव्हतं. मी वळून पाहिलं.

बॅकस्पेस दाबली. y स्वच्छ पुसलं गेलं. साहेब रोज विचारतात, झालं का. मी म्हणते, करते.