शांताबाईंची राखीव खुर्ची

कॉव्हेंट्रीच्या शांताबाईंना नमतं घेणं कधी जमलंच नाही. तरुणपणी त्या गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवायच्या कारखान्यात होत्या. १९७९ साली लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये आफ्रिकेतल्या ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या, स्वातंत्र्याची बोलणी चालली होती. तिथल्या मूठभर गोऱ्यांनी ब्रिटनलाही न जुमानता सवतासुभा मांडला होता, आणि बहुसंख्य काळ्यांच्या हाती राज्य द्यायचं कसं, यावर आत खल चालला होता. युनियनच्या बसमधून शांताबाई तिथे गेल्या आणि ‘प्रत्येक माणसाला एक मत’ असा फलक धरून बाहेर उभ्या राहिल्या.

“आपला काय संबंध?” नवऱ्याने, सुखदेवने, विचारलं होतं.

“गावकुसाबाहेर जन्मलो आपण, आणि संबंध विचारता?”

शेवटी बहुमताचं राज्य ठरलं, पण संसदेतल्या शंभरातल्या वीस जागा गोऱ्यांना राखून. बाईंनी कपाळावर हात मारला. “जातानासुद्धा खुर्चीचा पाय सोडवला नाही मेल्यांना!”

आता सुखदेव नाहीत, आणि बाईंचे गुडघे कुरकुरतात. जीभ तेवढी शाबूत आहे. त्यांच्या पिढीतल्या काही कुटुंबांनी मिळून इथे बुद्धविहार उभारलं. अलीकडे नागपूर-अमरावतीकडच्या नर्सेस आणि आयटीतली मंडळी इतकी आली, की जुनी कुटुंबं अल्पमतात गेली. मग जुन्यांचं धाबं दणाणलं. विहाराचा सेक्रेटरी राजेंद्र, म्हणजे बाईंचाच मुलगा. त्याने सभेत ठराव आणला: कमिटीतल्या निम्म्याहून जास्त जागा संस्थापक कुटुंबांना, कायमच्या.

संस्थापक पुढे खुर्च्यांवर, नवे मागे सतरंजीवर. मत फक्त खुर्च्यांना.

“आई, तुझी सीट फॉर लाइफ सेफ आहे,” राजेंद्र हळूच म्हणाला.

“आणि मागच्यांचं काय?”

“उरलेल्या सीट्स आहेत ना त्यांना. आणि आपण तर राखीव जागांच्या बाजूचे लोक!”

झालं! बाई ताडकन उठल्या.

“ज्यांना दारातून आत घेत नाहीत, त्यांच्यासाठी असते रे राखीव जागा. किल्ली ज्याच्या कमरेला, त्याने कसली मागायची? भिंतीवर बाबासाहेब लावलेत आणि खाली ऱ्होडेशिया चालवतोस? लाज वाटते मला!”

घडीची खुर्ची काखोटीला मारून त्या बाहेर गेल्या आणि रिमझिमत्या पावसात फाटकाशी बसल्या. कल्याणी नावाची नर्स छत्री घेऊन मागोमाग आली. मग एकेक करत सगळी सतरंजी रिकामी झाली.

थोड्या वेळाने राजेंद्र बाहेर आला. “आई, लोक हसतील. आत ये, बोलू आपण.”

“बोलणी करायची तर या सगळ्यांशी कर. मी कुणाची वकील नाही.”

राजेंद्रने मागे वळून पाहिलं. दिवे लागलेल्या हॉलमध्ये चार म्हातारे एकमेकांकडे बघत बसले होते.

“ओके,” तो म्हणाला. “वन पर्सन, वन व्होट. हॅपी?”

“ते आत जाऊन सगळ्यांसमोर बोल.”

तो बोलला, आणि म्हाताऱ्यांनीही कुरकुरत मान डोलावली. पुढच्या महिन्यात निवडणूक झाली. सगळ्या जागा खुल्या, मत सगळ्यांना. कल्याणी निवडून आली. शांताबाई पडल्या. तोंडावर सत्य फेकणारी बाई कमिटीत कुणाला हवी असते?

राजेंद्रचा चेहरा पडला. “सांगत होतो ना मी? गेली तुझी सीट!”

“गेली ना?” बाई खळखळून हसल्या. “मग निवडणूक खरी झाली.”

पुढच्या सभेत त्या मागे सतरंजीवर बसल्या. कल्याणीने “कुणाला काही विचारायचंय का?” असं म्हणायच्या आतच त्यांचा हात वर होता.