काकांची चोकची डबी

अमेरिकेतल्या कॅरी गावाजवळच्या नेमबाजीच्या रेंजवर उडत्या मातीच्या चकत्या शॉटगननं फोडायला आम्ही काही जण दर शनिवारी जमतो. तिथे एक रिटायर्ड डॉक्टर काका येतात. छर्रे किती फाकावेत हे ठरवणारी, नळीच्या तोंडात आट्यांवर बसणारी छोटी नळी म्हणजे चोक. काकांकडे चोकची अख्खी डबी असते, एकेक चोक कापसात ठेवलेला.

गनबरोबर आलेला कंपनीचा चोक ठेवू की बाहेरचा महागडा घेऊ, हे मी त्यांना तीन महिने विचारतोय. ते चष्मा कपाळावर सरकवतात. "थांब, तसं नसतं ते." मग एका शनिवारी कंपनीचा चांगला ठरतो, पुढच्या शनिवारी बाहेरचा. मला दोन्ही वेळा पटतं, हीच पंचाईत आहे.

परवा वैतागून म्हटलं, "काका, तुमच्या गनला कुठला आहे? काढून दाखवा ना."

गन रिकामी असल्याचं त्यांनी दोनदा पाहिलं आणि चोकला किल्ली लावली. तो जागचा हलेना.

"गंजलाय रे. वर्षानुवर्षं निघालेलाच नाही."

"पण कंपनीचा की बाहेरचा?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आता आठवत नाही."

चकत्या मात्र आमच्यात सगळ्यांत जास्त तेच फोडतात.