कड्याखालचं हिरवं पाणी

जुन्या दगडखाणीत पाणी भरून तलाव झाला होता. त्याचं पाणी तपासायचं काम आत्या अकरा वर्षं करत होती. भाचीची आत्या, म्हणून सगळ्यांचीच आत्या. दर सोमवारी होडीतून पाच ठिकाणचं पाणी बाटल्यांत भरायचं, तपासायचं आणि फळ्यावर लिहायचं, पोहण्यास योग्य. पण पलीकडच्या उभ्या कड्याखाली पाणी चाळीस मीटर खोल, काळंभोर. तिकडे होडी न्यायची तिला भीती वाटायची. त्या उन्हाळ्यात तिने सलग तीन सोमवार तो कोपरा टाळला. पाचवी बाटली काठाजवळच भरली.

मंगळवारी सकाळी वारा फिरला, कड्याकडून काठाकडे वाहू लागला. ती पोहोचली तेव्हा काठाशी हिरवा रंग ओतल्यासारखी जाड साय तरंगत होती, आणि त्यातच पोहण्याच्या वर्गातली मुलं हातपाय मारत होती.

"बाहेर काढा सगळ्यांना!"

"अहो, कालच तर योग्य लिहिलंत," प्रशिक्षक म्हणाला.

"चुकलं माझं! विषारी शेवाळ आहे ते. आधी बाहेर काढा!"

शेवटी भाची आली, ओठ पुसत. "आत्या, घोटभर गेलं पोटात. शी, काय घाण!"

दुपारपर्यंत पोरीला उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "यकृताला धक्का बसलाय का, ते दोन दिवसांनी कळेल."

बाहेरच्या बाकावर तिने भावाला सांगून टाकलं, "दादा, तीन आठवडे मी कड्याखाली गेलेच नाही. भीती वाटते मला तिथली."

"आणि हे तू आज सांगतेस?"

वहिनी उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

दोन दिवस आत्या दवाखान्यातच बसून होती. नर्स बाहेर आली की ती आधी तिचा चेहरा वाचायची. पोरीचे डोळे पिवळे दिसतात का, हे बघायला जायची आणि दारातूनच मागे फिरायची. त्याच दोन दिवसांत आपल्या ऑफिसला तिने स्वतःच सगळं लिहून कळवलं.

गुरुवारी रिपोर्ट आला. यकृत ठीक होतं. वहिनी ढसाढसा रडली, आत्याला मात्र रडूही येईना.

ऑफिसने महिनाभर तिला घरी बसवलं. तलाव हिवाळ्यापर्यंत बंद राहिला, शेवाळ पुन्हा माजू नये म्हणून तळाशी हवा सोडणाऱ्या नळ्या टाकल्या. आता कड्याखाली ती सोबत आणखी एकाला घेऊन जाते. तिचे तळवे अजूनही घामेजतात, पण बाटली तिथलीच भरली जाते.

यंदा भाची पुन्हा पोहायला आली. "आत्या, उतरू?"

"थांब गं जरा," आत्या म्हणाली, आणि तपासून झालेली बाटली तिने पुन्हा उजेडात धरली.