रविवारच्या वर्गातले खोटे प्रश्न

मुक्त विद्यापीठाचे अर्थशास्त्राचे वर्ग इंटरनेटवरून सुरू झाले, तेव्हा आमच्या कॉलेजातल्या केंद्राची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. दर रविवारी पुण्याचे प्राध्यापक पडद्यावर उमटत आणि मधूनच तोंड उघडं ठेवून थिजत. समोरचे बारा विद्यार्थी मात्र थिजायला नेटची वाट बघत नसत. पोफळीच्या वीजकेंद्रातले एक ऑपरेटर रात्रपाळी करून थेट वर्गात येत आणि दहाव्या मिनिटाला घोरू लागत.

"काही प्रश्न?" प्राध्यापक विचारत. वर्ग घड्याळाकडे बघे. मला प्राध्यापकांची दया येई. शेवटी मी एक पाप केलं. विद्यार्थ्यांच्या नावाने मीच प्रश्न टाइप करून पाठवू लागलो. प्राध्यापक खुलले. "रत्नागिरीचं केंद्र फार जागरूक आहे," असं ते म्हणाले, तेव्हाही मागून घोरणं ऐकू येत होतं.

शिमगा झाल्यावरच्या रविवारी मी पूर्णगडच्या एका बाईंच्या नावाने मागणी-पुरवठ्यावर प्रश्न धाडला. त्यांचे यजमान आखातात जहाजावर होते, आणि अर्धवट राहिलेली पदवी पुरी करायला त्या एस.टी.ने येत.

"उत्तम प्रश्न!" प्राध्यापक म्हणाले. "बाई, जरा माइकवर या."



"मी नाय हो विचारलेला," बाईंनी माइकवर सांगून टाकलं. "आमच्या सरांनी विचारलानी."

सगळा वर्ग जागा झाला. मी टेबलाखालची वायर तपासू लागलो.

"पण उठलेच आहे तर माझा विचारते. माल वाढला की भाव पडतो, म्हणालात. बांगडा ढिगाने आला की आमच्या किनाऱ्यावर तो मातीमोल जातो. मग इथे रत्नागिरीत मांडवीच्या खानावळीत बांगड्याच्या ताटाचा भाव तोच कसा? तुमची ती मागणी-पुरवठ्याची रेषा मांडवीला पोचत नाय काय?"

पडद्यावर प्राध्यापक थिजले. आम्हाला वाटलं, नेट गेलं. पण मग त्यांनी कान खाजवला.

"बर्फ! बर्फाचा खर्च धरा!" मागून ऑपरेटर ओरडले. "बर्फ कसला? मधले दलाल!" दुसरं कोणी म्हणालं. वर्ग वेळ उलटून गेल्यावरही संपेना.

उठताना प्राध्यापक म्हणाले, "पुढच्या रविवारी मी बोलणार नाही. प्रत्येकाने आपल्या गावचा एक भाव घेऊन या. केंद्रावरच्या सरांनीसुद्धा. पण स्वतःच्या नावाने!"

मी स्वतः बाजारात मोजलेला हापूसच्या पेटीचा भाव घेऊन गेलो. वर्गातले दोन बागायतदार तो ऐकून इतके हसले की पडद्यावरून प्राध्यापक कळवळून म्हणाले, "अहो, मलाही सांगा की काय झालं!"