टाइप वन

बाबांना रेल्वेत गँगमनची नोकरी लागली आणि आम्ही गाव सोडून बनारसला आलो. बाबांनी क्वार्टरचा फोटो काकांना पाठवला. पक्क्या भिंती, नळ, पंखा! गावानं एकमतानं त्याला बंगला ठरवलं, आणि शाळेत जाईपर्यंत मीही बंगल्यातच राहत होते.

शाळेत माझ्या बाकावर रेल्वेतल्याच एका साहेबांची मुलगी बसायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "क्वार्टर में रहती हो? टाइप कौन सा?" घरी येऊन पाहिलं, तर भिंतीवर काळ्या रंगात लिहिलं होतं, टाइप वन. म्हणजे आपला पहिला नंबर, या आनंदात मी झोपले. दुसऱ्या दिवशी वर्गानं हसत हसत समजावलं, की इथली मोजणी खालून वर जाते.

तरी तिनं आमच्याकडे यावं असं मला फार वाटे. थंडीतल्या एका रविवारी ती आली. गंगेवरून आलेल्या धुक्यात सगळी कॉलनी बुडाली होती. साहेबांचे बंगले, आमच्या चाळी, भिंतींवरचे आकडे, काही म्हणता काही उरलं नव्हतं. ओट्यावर आम्ही दोघी जणू ढगात बसून थालीपीठ खात होतो. हे धुकं उठू नये, एवढंच मी मनात मागत होते.

"टाइप वन में इतना अच्छा खाना बनता है?" तिला खरंच नवल वाटलं होतं.

आईला हिंदी अजून नीट कळत नव्हती. "काय म्हणतेय गं?"

"छान झालंय म्हणतेय."

आईनं तिला आणखी एक थालीपीठ वाढलं आणि वर लोण्याचा मोठा गोळा ठेवला.