जरा आखडलंय

आमच्या गावच्या रग्बी संघात क्लेम सटक्लिफचं काम एकच. खेळाडू आडवा झाला की पाण्याची बादली हिंदकळवत मैदानात धावायचं आणि त्याच्या मानेवर गार स्पंज पिळायचा. आठवडाभर खाणीच्या दुरुस्तीखान्यात घण मारणारा माणूस, शनिवारी मात्र हातात स्पंज.

स्पंजापेक्षा त्याचा कान तयार होता. आम्ही यॉर्कशरची माणसं, दुखतंय असं म्हणणं आमच्या जिवावर येतं. मांडीचा स्नायू फाटला तर "जरा ओढ बसली", खांदा निखळला तर "थोडा मार लागलाय". बरगडी मोडलेला बर्नी एकदा "श्वास घेताना तेवढं टोचतं" म्हणाला आणि पुन्हा झटापटीत घुसायला निघाला. क्लेमनं त्याला कॉलर धरून बाहेर काढलं. पोटरीत गोळा आला म्हणून बोंब मारणाऱ्याला मात्र तो सरळ उभं करायचा. "एवढा ओरडतोयस, म्हणजे धडधाकट आहेस की."

घरी हा कान चालला नाही. त्याची बायको आयव्ही एक अख्खा हिवाळा "पाठ जरा आखडलीय" म्हणत राहिली. धुणं उचलून उसण भरली असेल, असं समजून क्लेम मलम चोळत राहिला. डॉक्टरकडे गेले तेव्हा कर्करोग मणक्यात पोचला होता. तिला पुरून आल्यावर तो मला म्हणाला, "हिल्डा, संघातल्या पोरांपैकी कुणी हे म्हटलं असतं ना, तर मी त्याला स्ट्रेचरवर घातलं असतं." मी चहाचं आधण ठेवलं.

संघाच्या जर्सी मी धुते. गेल्या वर्षी कपच्या सामन्याला, ज्युनिअर पोरांच्या चिखलानं जड झालेल्या जर्सींची टोपली उचलली आणि डाव्या खांद्यात कळ आली. मी कुंपणाला टेकले. क्लेम शेजारीच नळावर बादली भरत होता.

"काय गं?"

"काही नाही. जरा आखडलंय."

तेवढ्यात बर्नी पडला. शिट्टी झाली, सगळे क्लेमच्या नावानं ओरडू लागले. तो जागचा हलेना.

"हात वर कर."

"अरे, तो बघ पडलाय तिकडे. जा ना."

"वर कर म्हणतो ना. जबडा दुखतोय?"

"थोडासा."

त्यानं बादली खाली ठेवली, स्पंज रेषेवरच्या पंचाच्या हातात कोंबला आणि मला आपल्या गाडीत बसवलं. मागून लोक शिव्या घालत होते. मीही वाटभर त्याला बोलत होते, की गाव तुला दारात उभं करणार नाही.

"नको करू दे," तो म्हणाला.

हृदयविकाराचा झटका होता. आणखी थोडं थांबला असता तर हाती काही राहिलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. बर्नीचा घोटा नुसता मुरगळला होता. सामना आम्ही हरलो आणि कमिटीची माणसं क्लेमशी बोलेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात माझ्या खाटेशी येऊन बसला, टोपी मांडीवर.

"कसं वाटतंय?"

"बरं आहे," म्हणणार होते. त्याचं तोंड पाहिलं आणि तसं म्हणवेना.

"दुखतंय, क्लेम. खूप दुखतंय. आणि भीती वाटतेय मला."

त्यानं मान डोलावली. मग टोपी तोंडावर धरून तो हमसून हमसून रडला. आयव्हीच्या मातीलाही तो रडला नव्हता.