निष्कर्षरावांची दाढ

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं मदतनीस असलेल्या गृहस्थांना शिक्षकांच्या खोलीत सगळे ‘निष्कर्षराव’ म्हणत. प्रयोगाच्या वहीत ते निष्कर्ष आधीच लिहून ठेवत. पुढे प्रयोगाने त्यांचा मान राखायचा, एवढंच.

निवृत्तीनंतर प्रयोगशाळा सुटली, पण घरात वहिनी होत्या. जेवण झालं की पेलाभर सोडा, ही वहिनींची एकुलती एक चैन. एक ढेकर आला की त्यांचा चेहरा कसा निवळायचा! रावांनी कुठेतरी वाचलं, की सोड्याने दात विरघळतात आणि हाडं भुसभुशीत होतात. झालं!

“डॉक्टर म्हणाले, बिनसाखरेचा साधा सोडा चालेल. फार तर पोट फुगेल,” वहिनी म्हणाल्या.

“डॉक्टरांनी स्वतः प्रयोग केलाय का?”

“मग तुम्ही करा. दात विरघळला तर माझा सोडा बंद. नाही विरघळला, तर रोजची बाटली तुम्ही आणायची. चार जिने चढून.”

राव एका पायावर तयार. गेल्या वर्षी काढलेल्या दोन दाढा त्यांच्या कपाटात होत्याच. टाकून देणं त्यांच्या स्वभावात नाही. एक साध्या पाण्याच्या बरणीत गेली, दुसरी सोड्याच्या. वहीत लिहिलं, ‘सोड्यातील दाढ नष्ट झाली.’ मग पंधरा दिवसांनी ती नष्ट झालेली पाहायला मला बोलावलं.

दोन्ही दाढा होत्या तशाच, किडीसकट.

“जरा झिजलीय. नाही का हो, सर?”

मी बराच वेळ चष्मा पुसला.

वहिनींनी बरणीत डोकावलं. “अहो, यात बुडबुडे कुठायत? झाकण कुठाय?”

शाळेत मुलांना नीट दिसावं म्हणून राव बरण्या कायम उघड्या ठेवत. इथेही ठेवल्या. सोड्यातला वायू पहिल्याच दिवशी उडाला होता, आणि पुढचे चौदा दिवस विज्ञान जवळजवळ साध्या पाण्याची साध्या पाण्याशी तुलना करत बसलं होतं.

“प्रयोग रद्द!” राव खुलले. “आता झाकण लावून करू.”

“करा की. ही तर झिजलीय म्हणता. मग नवी दाढ कोणाची घेताय?”

रावांनी तोंडातल्या तोंडात जीभ फिरवून उरलेल्यांची हजेरी घेतली. हलणारं कोणीच नव्हतं. त्यांनी बाटलीसाठी पिशवी उचलली.

ते दुसऱ्या जिन्यावर पोचले असतील, तोच वरून वहिनींचा आवाज आला, “झाकण घट्ट आहे ना, ते बघून आणा हो!”